तुळतुळीत आई-बाप, झुपकेदार लेक

तबूकच्या विमानतळावरून लेकीच्या घरी जाताना पहिल्याच सिग्नलला मला आमची मैना दिसली. शेजारच्या पांढऱ्या पिकअपच्या हौद्यात ती उभी होती. तोच लांबोडका चेहरा, तेच खपाटीला गेलेलं पोट आणि जगाशी आपला काही संबंध नसल्यासारखी तीच नजर. मैना म्हणजे माझी कारवानी कुत्री. दोनच दिवसांपूर्वी जत तालुक्यातल्या आमच्या मळ्यात तिला धाकट्या दिरांच्या ताब्यात देऊन मी निघाले होते. तरीही मी काच खाली केली आणि हाक मारली. कुत्रीनं मान वळवली, तशी पिकअपच्या चालकानंही वळवली. तेवढ्यात सिग्नल सुटला म्हणून बरं. आमचे जावई मंदारराव हलक्या आवाजात म्हणाले, "आई, इथं अशा दुसऱ्याच्या गाडीतल्या कुत्र्यांना हाका मारत नाहीत." त्यांना कुत्र्यांची धास्ती आहे. जतला आले की ते अंगणात उतरण्याआधी मैना कुठं आहे ते विचारतात.

मी लेकीकडे आले होते महिन्याभरासाठी, नातवाला सांभाळायला. पण नातू सकाळी शाळेत जायचा, लेक आणि जावई कामावर, आणि मी नवव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खाली पिकअप मोजायची. चार दिवसांत तीन कुत्री दिसली. त्यातल्या एकीच्या कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस होते. आमच्याकडे अशाला पश्मी म्हणतात.

इथं थोडं स्वतःबद्दल सांगते. मी पशुसंवर्धन खात्यात एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होते. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालची. म्हशींचं रेतन, शेळ्यांच्या लशी, लाळ्या-खुरकुताची साथ यातच नोकरी गेली. कुत्र्याशी सरकारी संबंध तो चावला तरच यायचा. पण माझ्या वडिलांनी आयुष्यभर कारवानी पाळले. हा कुत्रा वास घेत हिंडत नाही, नजरेनं शिकार करतो. माळावर लांब ससा हलला की सुटलाच. वडील सांगायचे, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, अरब-इराणकडून हे कुत्रे आले म्हणून कारवानी. तिकडे मुधोळला गेलं की तेच कुत्रं मुधोळ होतं, आणि तुमचा कारवानी आमच्याकडूनच गेला असं तिथले लोक ऐकवतात. या वादात मी लहानपणापासून बसले आहे. आता मूळ गावीच आले होते, तर निकाल लावूनच जावं असं मनात आलं.

वाट दाखवली शमीमनं. ही लेकीच्या वरच्या मजल्यावर राहते. मूळची दापोलीकडची, पंचेचाळिशीची, वीस वर्षं तबूकमध्ये. तिच्या नवऱ्याचं शेतीच्या पंपांचं दुकान आहे, त्यामुळे आसपासचे निम्मे शेतकरी तिच्या ओळखीचे, आणि अरबी ती अशी बोलते की भाजीवाला आपणहून वजन वाढवतो. मी तिला मैनेचे फोटो दाखवले. ती म्हणाली, हे तर सलूकी, आणि अबू नासिरकडे अशी आठ आहेत. दोन दिवसांनी तिनं खालून हॉर्न वाजवला. भल्यामोठ्या गाडीच्या चाकामागे ती बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा.

शहर सुटल्यावर शमीमनं सहज सांगितलं की मी तिथं हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी कुत्र्यांची डॉक्टर म्हणून चालले आहे. मी म्हटलं, गाडी फिरव. ती म्हणाली, "काकी, तुम्ही गप ऱ्हा. बोलायचं काम माझं. अरबीत तुमचं कोण काय पकडणार आहे?"

जतचा माणूस उजाड जमीन बघून हरखत नाही, तरी तबूकच्या बाहेरचा तो देखावा मी विसरणार नाही. जानेवारीचं ऊन स्वच्छ होतं आणि वारा असा गार की स्वेटरवर शाल घ्यावी लागली. लांबवर तांबड्या दगडाचे सुळके उभे होते. मधेच वाळूत हिरवीगार गोल शेतं दिसायची, परडीत भाकरी टाकावी तशी. पाण्याची लांबलचक नळी मधल्या खुंट्याभोवती फिरते म्हणून शेत गोल होतं, हे शमीमनं समजावलं. तिच्या नवऱ्याचं पोट त्याच नळीवर चालतं.

अबू नासिर म्हणजे नासिरचे वडील आणि उम्म नासिर म्हणजे नासिरची आई. थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारण्याची तिथं रीत आहे. अबू नासिर सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. ऑलिव्हच्या झाडांपलीकडे कुत्र्यांचं आवार होतं, तिथं ते आम्हाला घेऊन गेले. सगळे जाळीशी आले. भुंकणं नाही, अंगावर उड्या नाहीत. पाहुणे आलेत तर पाहून घेऊ, इतकंच. माझा जीव हरखला. अरबीतले चार शब्द लेकीकडून शिकले होते, त्यातला एक वापरायची हुक्की आली आणि मी म्हटलं, कल्ब फार छान.

अबू नासिर थांबले. शमीमनं मला कोपरानं ढोसलं. कल्ब म्हणजे कुत्रा हे खरं, पण सलूकीला कुणी कल्ब म्हणत नाही. कल्ब बाहेर राहतो, सलूकी तंबूत झोपतो, घरातल्या बाईच्या हातचं खातो. मी दोन्ही कान धरले. आमच्याकडे चूक कबूल करायची ही पद्धत आहे, असं शमीमनं सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांनीही कान धरून पाहिले.

मग मी मोबाइलवर मैना दाखवली. त्यांनी फोटो मोठा केला, पाय पाहिले, छातीची खोली पाहिली आणि विचारलं, ही आमच्याकडून कधी नेलीत? मी म्हटलं, माझे वडील म्हणायचे चार-पाचशे वर्षं झाली असतील. ते म्हणाले, तरी ओळखू येते.

कॉफी, म्हणजे तिथली गहवा, पिता पिता त्यांनी मला या सगळ्या कुळाची भाऊबंदकी सांगितली. सलूकी अरबांचा. फार पूर्वी येमेनमध्ये सलूक नावाचं गाव होतं, त्यावरून नाव, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मेहुणा हे मानत नाही. मोरोक्को-अल्जेरियाकडचा तो स्लूगी. नाव तेच, फक्त जीभ वेगळी. पण तो नेहमी तुळतुळीतच असतो, झुपका कधी येत नाही. वाळवंटाच्या दक्षिणेला तुआरेग लोकांचा अझावाख आहे, उंच आणि इतका काटकुळा की कातड्याखाली हाडं मोजून घ्यावीत. अफगाणिस्तानातल्याला थंडीमुळे बायकांसारखे लांब केस. आणि सलूकीत दोन्ही तऱ्हा आहेत. तुळतुळीत तो होस, आणि कान-शेपटीला झुपके असलेला तो अरयश. आपला कारवानी आणि पश्मी. एकाच विणीत दोन्ही निघतात. मूळचा कोण आणि कुणापासून कोण निघाला हे विचारलं तर प्रत्येक जण स्वतःला थोरल्या घरचा सांगतो. हे मला नवीन नव्हतं. आमच्या भावकीत पाटीलकीवरून हेच चालतं.

इथवर सगळा आनंद होता. पण आवाराच्या एका कोपऱ्यात वेगळ्या खोपटात एक तुळतुळीत कुत्री आणि तिची पाच महिन्यांची पिल्ली बांधलेली दिसली. पिल्लीच्या कानांना रेशमी झुलपं फुटली होती. ती माझी चप्पल चावायला आली आणि मला फार आवडली. या दोघी इथं वेगळ्या का, असं मी विचारलं. उत्तर दिलं उम्म नासिरनी. त्या गहवाची किटली घेऊन आल्या होत्या. जाडजूड बाई, हनुवटीवर जुनं निळं गोंदण, डोळे तीक्ष्ण. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय.

प्रकरण असं होतं. उम्म नासिरचे भाऊ अबू फहद यांचा बर्क (वीज) नावाचा कुत्रा पंचक्रोशीत पहिला धावणारा. शिकारीवर आता बंधनं आली आहेत, तेव्हा पिकअपच्या मागे सशाचं कातडं बांधून शर्यती लावतात आणि बर्क त्या जिंकतो. अबू नासिरनी आपली अल-जौफहून आणलेली कुत्री बर्ककडे नेली. बर्क तुळतुळीत, कुत्रीही तुळतुळीत. पाच पिल्लं झाली. चार तुळतुळीत आणि पाचवी ही झुलपांची. अबू फहद पिल्लं बघायला आले आणि चारचौघांत म्हणाले, ही माझ्या बर्कची नव्हे, तुमची कुत्री कुठं तरी भटकून आली, आता बाकीच्या चौघांचाही भरवसा नाही. अबू नासिरच्या घरची कुत्री भटकते म्हणजे घरावर लक्ष नाही. मेहुण्या-मेहुण्यांचं बोलणं बंद झालं. उम्म नासिर तीन महिने माहेरी गेल्या नव्हत्या, आणि पुढच्या जुम्म्याला भाचीचं लग्न होतं. अबू नासिरनी रागात ठरवलं होतं की माय-लेकींना लांबच्या एका मेंढपाळाकडे देऊन टाकायचं.

म्हणजे मी जी थाप म्हणून ऐकून घेतली होती, तिच्यावर एका बाईचं माहेर टांगलं होतं. शमीमकडे पाहिलं तर ती खजूर निवडण्यात गुंग झाली होती.

खरं सांगायचं तर उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. झुपका हा दबून राहणारा गुण आहे. दोन-दोन पिढ्या तुळतुळीत कातडीखाली गप्प बसतो आणि तुळतुळीत आई-बापांच्या पोटी अचानक वर येतो. मैनेची सख्खी बहीण पश्मी आहे आणि आई-बाप दोघंही कारवानी. खात्याच्या प्रशिक्षणात हेच म्हशींच्या रंगावरून शिकवलं होतं. मी उम्म नासिरना म्हटलं, भावाला बोलवा.

अबू फहद दुपारच्या जेवणाला आले, पण जेवणाआधी कुणाशी बोलले नाहीत. बर्कला मात्र बरोबर घेऊन आले होते. अंगानं मोठे, मिशा काळ्या केलेल्या, चालण्यात ऐट. पुरुष दोघंच, एक नवरा आणि एक भाऊ, त्यामुळे उम्म नासिरही आमच्यातच बसल्या. जेवायला मरगूग होतं. मटणाच्या रश्श्यात कणकेचे पातळ तुकडे शिजवलेले, म्हणजे आपल्या चकोल्याच की. हा पदार्थ आम्ही करतो म्हटल्यावर अबू नासिरनी विचारलं, हाही आमच्याकडूनच नेलात का?

हात धुतल्यावर मी कामाला लागले. मोठी डॉक्टर म्हणून आले होते, तेव्हा जरा वेळ लावणं भाग होतं. पिल्लीचे दात पाहिले, कोपरं पाहिली, बर्कची छाती वितीनं मोजली, जिचा या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. मोजता मोजता बर्कच्या उजव्या पुढच्या पंजावर नजर गेली. सगळी नखं काळी आणि आतलं एकच दुधासारखं पांढरं. पिल्लीचा पंजा उचलला. तिथंही तेच नख, तसंच पांढरं. ही मात्र माझी हुशारी नव्हती, निव्वळ नशीब होतं. मग मैनेच्या आईचा, बापाचा आणि पश्मी बहिणीचा फोटो दाखवला आणि झुपका कसा दबून बसतो ते सांगितलं. शमीमनं ते अरबीत सांगताना माझ्या वाक्यांच्या तिप्पट वेळ घेतला. काय काय घातलं ते तीच जाणे, पण अबू फहद मान डोलवायला लागले. त्यांनी दोन्ही पंजे शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मग उठले आणि मेहुण्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. अबू नासिरनी मेहुण्याचा हात सोडला नाही. उम्म नासिर डोळ्यांना ओढणी लावून किटली आणायला गेल्या.

इथं थांबलं असतं तर गोष्ट सरळ होती. पण खुशीत आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. अबू फहदनी बर्कचं कूळ सांगायला घेतलं. आई अरयश, बाप अरयश, दोन्हीकडचे आजोबा अरयश, पाच पिढ्यांत सगळे झुपक्याचे, आणि अशा घराण्यात बर्क एकटाच तुळतुळीत. अल्लाची देणगी.

मी हातातला खजूर खाली ठेवला. तुळतुळीत आई-बापांना झुपकेदार पोर होतं, पण झुपकेदार आई-बापांना तुळतुळीत पोर होत नाही. तुळतुळीतपणा दबून बसत नाही. तो असला तर दिसतोच. म्हणजे बर्कची आई कुणीही असो, त्याचा बाप काही अबू फहदनी सांगितलेला कुत्रा नव्हता. ज्यानं दुसऱ्याच्या कुत्रीवर आळ घेतला, त्याच्याच कुंपणात कुणीतरी येऊन गेलं होतं.

मी शमीमकडे बघायचं टाळलं. पण अबू नासिर हे मनापासून शिकणारे गृहस्थ. त्यांनी साध्या कुतूहलानं विचारलं, "डॉक्टर, मग याच्या उलट होतं का? दोन झुपकेदारांना तुळतुळीत?"

गहवा ओतणाऱ्या उम्म नासिरचा हात थांबला. किटलीची धार तुटली. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि ती नजर मी एकतीस वर्षांच्या नोकरीत गोठ्यागोठ्यांत पाहिली होती. साहेबांसमोर आता ही बाई काय बोलते, अशी ती नजर असते.

खोटं सांगायचं नव्हतं. खरं सांगितलं तर अर्ध्या तासापूर्वी जुळलेलं घर पुन्हा मोडणार होतं. मी म्हटलं, "माझ्या उभ्या आयुष्यात असं एकही उदाहरण मी पाहिलेलं नाही."

शमीमनं हे अक्षरशः सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता. दिवसभरात पहिल्यांदाच. अबू फहदांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "ऐकलंत? हिंदुस्थानातल्या डॉक्टरनंसुद्धा बर्कसारखा दुसरा पाहिलेला नाही."

गहवा झाल्यावर उम्म नासिर मला आणि शमीमला ऑलिव्हचं तेल बांधून द्यायच्या निमित्तानं घरात घेऊन गेल्या. दार लावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही, सांगायलाच सुरुवात केली. शमीम मागोमाग मराठीत सांगत होती आणि मधेमधे स्वतःच तोंडावर हात ठेवत होती.

त्यांच्याजवळ सह्म (बाण) नावाचा एक तुळतुळीत कुत्रा होता. पिल्लू असल्यापासून त्यांनी हातानं दूध पाजून वाढवलेला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी भावाला विचारलं होतं, तुझ्या अरयश कुत्रीशी माझ्या सह्मचं जुळवूया. भावानं सगळ्या नातेवाइकांत हसून उत्तर दिलं, तुझा होस शेळ्या राखायला ठीक आहे, माझ्या घराण्यात नको. त्या आठवड्यात त्या माहेरी मुक्कामाला होत्या. सह्म बरोबर होता. भावाचं आपला झुपकेदार कुत्रा कुत्रीजवळ सोडून झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर सगळे झोपले. त्या उठल्या आणि त्यांनी कुत्रीच्या कुंपणाचं फाटक उघडलं.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "मग मीच बंद केलं."

सात पिल्लं झाली. दोन महिन्यांनी सहांना झुलपं फुटली आणि एक तुळतुळीत राहिलं. उजव्या पंजावर एक पांढरं नख, सह्मचं होतं तसं. दुसऱ्या दिवशी भावाला सांगून त्याची जिरवायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण भाऊ पिल्लाला छातीशी धरून रडत होता, म्हणाला, आपल्या आजोबांच्या कुत्र्यांचं रक्त परत आलं. त्यांची जीभ उचलली नाही. पुढच्या वर्षी उचलली नाही. मग बर्क जिंकायला लागला, आणि आता कसं सांगणार? सह्म दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचं काही तरी अंगणात असावं म्हणून त्यांनीच नवऱ्याच्या मागे लागून कुत्री बर्ककडे पाठवली होती. आणि झालेल्या पाचांतल्या एका पिल्लीला भावानं परकी ठरवलं, तेव्हा भांडायला तोंड उघडावं तर ते पांढरं नख दाखवावं लागलं असतं, आणि नखामागे फाटक आलं असतं. तीन महिने त्या हे गिळून बसल्या होत्या.

मी त्यांना विचारलं, भावाला कधी सांगणार? त्या बाटलीचं बूच घट्ट करत म्हणाल्या, "तो मला पहिल्यांदा विचारेल तेव्हा. त्यानं मला कधीच काही विचारलेलं नाही."

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. शपथ वगैरे काही मागितली नाही. बाहेर दोघं मेहुणे एका चटईवर बसून पिल्लीला कातड्याच्या तुकड्यामागे पळवत होते आणि ती कुणासारखी धावते यावर वाद घालत होते. उम्म नासिर दारातून जरा वेळ बघत राहिल्या आणि त्यांना जे हसू फुटलं ते त्यांनी ओढणीत दाबलं. आम्हा दोघींचीही तीच गत झाली. अबू फहदनी मान वर करून विचारलं, काय झालं? शमीमनं सांगितलं, हिंदुस्थानी विनोद आहे, अरबीत सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर शमीमनं दोनदा गाडी कडेला घेतली, कारण हसताना तिला चालवता येईना. दुसऱ्यांदा मात्र ती हसायची थांबली आणि म्हणाली, "काकी, सहा वर्षं म्हणजे फार झाली हो." मग तिनं चष्मा चढवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. घरी मंदाररावांनी विचारलं, कुत्री अंगावर आली नाहीत ना? मी म्हटलं, नाही, फार घरंदाज आहेत.

लग्नाला उम्म नासिर गेल्या, हे मला शमीमनं विमानतळावर सोडायला येताना सांगितलं. पिल्ली आता त्यांच्या खोलीत झोपते. मेंढपाळाचं नाव कुणी काढत नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, कारण ते तिकडे कुणी वाचायचं नाही. नावंही मी बदलली आहेत, कुत्र्यांचीसुद्धा. जतला पोचल्यावर ओसरीवर माणसं जमली. आमचे जुने श्वानप्रेमी, वडिलांच्या वेळचे. त्यांना एकच गोष्ट हवी होती. कारवानी त्यांच्याकडून आला की आपल्याकडून गेला, सलूकी थोरला की मुधोळ, कुणाचं रक्त चोख. दिरांनी तर वहीच काढली होती. मी तेलाची बाटली मधे ठेवली, भाकरी आणायला सांगितली आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. कोण कुणापासून झालं हे तिथंही कुणाला नक्की माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्या बोलत नाहीत.